पायोरिॲक्टरचं सॉफ्टवेअर: आलेख नंतर बघा, आधी पंप कधी थांबतो ते बघा

लॅबमधल्या छोट्या बायोरिॲक्टरसाठी (नियंत्रित वातावरणात पेशी वाढवणाऱ्या भांड्यासाठी) ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडायचं म्हटलं की बहुतेकांची नजर आधी स्क्रीनवरच्या आलेखांकडे जाते. तिथेच गल्लत होते. आलेख आज कुणीही काढून देतो. विचारायला हवं ते वेगळंच: ओडीची (द्रव किती गढूळ, म्हणजे त्यात पेशी किती, याच्या मापाची) वाचनं यायची थांबली तर मीडियाचा (पेशींच्या पोषक द्रवाचा) पंप काय करतो? वाय-फाय गेलं तर निर्णय घेणारा प्रोग्राम नेमका कुठल्या मशीनवर चालू असतो? वीज जाऊन आली तर प्रयोग कुठून पुढे जातो? या कसोटीवर पायोरिॲक्टर या छोट्या बायोरिॲक्टरचं सॉफ्टवेअर आज या आकाराच्या उपकरणांत वापरायला सगळ्यात सोपं आणि बऱ्यापैकी जबाबदार आहे. ते कमी पडतं तिथे मात्र चांगलंच कमी पडतं, आणि त्या जागा वापरायला घेण्याआधी माहीत असलेल्या बऱ्या.

रचना अशी. प्रत्येक बायोरिॲक्टरवर एक रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डाचा संगणक; पुढे नुसता 'पाय'), त्यावर पायोरिॲक्टरचा बोर्ड, आणि बोर्डावर २० मिलीची (नव्या आवृत्तीत ४० मिलीचीही) काचेची व्हायल, म्हणजे छोटी बाटली. सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे. ढवळणं, ओडी मोजणं, तापमान, वाढीचा दर, पंप ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते आणि या प्रोसेस एमक्यूटीटी या निरोप पोचवण्याच्या पद्धतीने एकमेकींशी बोलतात. एक पाय 'लीडर' असतो. एमक्यूटीटीचा ब्रोकर (निरोप वाटणारा प्रोग्राम), एसक्यूलाइट डेटाबेस आणि ब्राउझरमधला इंटरफेस त्याच्यावर असतो, बाकीचे 'वर्कर'. एकच बायोरिॲक्टर असेल तर एकच पाय दोन्ही कामं करतो.

याच पंगतीत आणखी दोन नावं येतात. बोस्टन विद्यापीठातून आलेला ईव्हॉल्व्हर (शोधनिबंध २०१८, नेचर बायोटेक्नॉलॉजी) १६ व्हायल एका वेळी सांभाळतो. त्यात तापमान, ढवळणं आणि प्रकाश मायक्रोकंट्रोलर बघतात, मधे रास्पबेरी पाय निरोप्याचं काम करतो, आणि मीडिया कधी घालायचा हे ठरवणारी पायथॉन स्क्रिप्ट लॅबमधल्या वेगळ्या संगणकावर चालते. ऑक्सफर्डमधून आलेला काय-बायो (२०२०, प्लॉस बायॉलॉजी) बीगलबोन या पायसारख्याच छोट्या संगणकावर चालतो, एका वेळी आठ रिॲक्टर सांभाळतो, आणि ओडीसोबत फ्लुरोसन्सही मोजतो. चमकणाऱ्या प्रथिनांवर किंवा प्रकाशाने चालू-बंद होणाऱ्या जनुकांवर काम असेल तर आधी काय-बायोकडेच बघा, कारण त्याच्या हार्डवेअरमध्येच सात रंगांचे एलईडी आणि स्पेक्ट्रोमीटर आहे. पायोरिॲक्टरमध्ये तेवढी ऑप्टिकल ताकद नाही.

निर्णय कुठे होतो

ईव्हॉल्व्हरमध्ये स्क्रिप्ट चालवणारा संगणक झोपी गेला (आणि आपोआप झोपी जाणं ही लॅपटॉपची जन्मजात खोड आहे) तर व्हायल गरम राहते, ढवळणं सुरू राहतं, पण मीडिया मिळत नाही. कल्चर (व्हायलमधल्या वाढत्या पेशी) दाट होऊन त्याची वाढच थांबते आणि टर्बिडोस्टॅटचा (गरजेनुसार मीडिया घालून ओडी ठरलेल्या आकड्यावर राखण्याचा) प्रयोग तिथेच संपतो. यात उतू काही जात नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण पॉवर सेटिंगमधली झोप बंद केल्याशिवाय ईव्हॉल्व्हरची स्क्रिप्ट सुरू करू नये.

पायोरिॲक्टरमध्ये निर्णय घेणारी प्रोसेस त्या त्या वर्करवरच चालते. मात्र ओडीचे आकडे तिच्यापर्यंत पोचतात ते लीडरवरच्या ब्रोकरमार्फत. म्हणजे राउटर बंद पडला तर वर्कर स्वतःच मोजलेल्या ओडीलाही मुकतो. इथे सॉफ्टवेअरने एक शहाणपणाची गोष्ट केली आहे: शेवटचं वाचन पाच मिनिटांहून जुनं असेल तर टर्बिडोस्टॅट त्या आकड्यावर पंप चालवत नाही, 'वाचनं शिळी आहेत' अशी तक्रार नोंदवतो. शिळ्या आकड्यावर पंप चालत राहिला असता तर काही तासांत अख्खं कल्चर धुऊन निघालं असतं. ठरावीक वेळाने ठरलेला मीडिया घालणाऱ्या केमोस्टॅटला ओडी लागतच नाही, त्यामुळे या तपासणीचा त्याच्याशी संबंध नाही.

यातून मांडणीबद्दल दोन गोष्टी निघतात. एकच बायोरिॲक्टर असेल तर ब्रोकर त्याच पायवर असतो, तेव्हा वाय-फाय गेलं तरी काही बिघडत नाही, फक्त ब्राउझरमध्ये दिसणं थांबतं. चार-सहा असतील तर लीडरला वेगळा पाय द्यावा आणि तो राउटरला केबलने जोडावा. पायचं छोटं मॉडेल झीरो २ डब्ल्यू वर्कर म्हणून ठीक आहे. डेटाबेस आणि ब्रोकर दोन्ही सांभाळायला जास्त मेमरीचा पाय ४ किंवा ५ बरा.

वीज जाऊन आल्यावर देखरेखीच्या प्रोसेस आपोआप उठतात, पण ढवळणं, तापमान, ओडी आणि पंप आपोआप सुरू होतील असं धरून चालू नका. ते हाताने, क्रमाने सुरू करावे लागतात. ही त्रुटी म्हणावी की खबरदारी, यावर दोन मतं होऊ शकतात. कुणी बघत नसताना पंप परत सुरू होण्यापेक्षा बंद राहिलेले बरे, असं आमचं मत. पण मग पाय, राउटर आणि पंपांचा पुरवठा एकाच यूपीएसवर असायला हवा. नुसता पाय यूपीएसवर ठेवला आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर, तर वर सांगितलेली शिळ्या वाचनांची स्थिती हमखास येते.

बसवणं

रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने तयार इमेज (सॉफ्टवेअरची अख्खी प्रत) एसडी कार्डवर उतरवायची. लीडर, वर्कर आणि दोन्ही एकत्र अशा तीन वेगळ्या इमेज आहेत. चुकून सगळ्या पायांवर लीडरची इमेज टाकली तर एकाच नेटवर्कवर अनेक ब्रोकर उभे राहतात आणि कुणाचा डेटा कुठे जातोय ते कळत नाही. इमेजरमध्येच वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि देशाचा कोड भरायचा. कोड राहिला तर काही पाय वाय-फाय चालूच करत नाहीत. पाय ३बी आणि झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर ते त्याला सापडणारच नाहीत.

मोठ्या संस्थेचं वाय-फाय वापरायच्या भानगडीत पडू नये. तिथे ब्राउझरमधून लॉगिन लागतं, उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, आणि डॉट-लोकल पत्ते (नेटवर्कमधल्या उपकरणांची '.local' ने संपणारी नावं) अडवलेले असतात. पाय नेटवर्कवर असूनही सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच. साधा स्वतंत्र राउटर हा सर्वात कमी डोकेदुखीचा मार्ग. राउटर नसेल तर कार्डाच्या बूट विभागात ठरलेल्या नावाची रिकामी फाइल टाकली की लीडर स्वतःच हॉटस्पॉट बनतो. एक लक्षात ठेवा: इंटरनेटशिवाय चालणाऱ्या पायला (५ सोडून) स्वतःचं घड्याळ नसतं. बंद करून चालू केला की वेळ मागेच राहते, आणि नोंदींचे कालावधी एकमेकांवर चढतात. हॉटस्पॉटवर काम करणार असाल तर प्रत्येक वेळी सुरू केल्यावर वेळ तपासा. डेटाबेसमधली वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते, हेही वहीतल्या नोंदींशी ताडून बघताना विसरू नये.

सगळं जोडून झाल्यावर व्हायलमध्ये पाणी आणि स्टर-बार (ढवळणारी चुंबकी कांडी) घालून सेल्फ-टेस्ट चालवायची. ती ढवळण्याचा वेग हॉल सेन्सरने मोजता येतो का, हीटर चालू केल्यावर तापमान वाढतं का, आणि एलईडी लावल्यावर फोटोडायोडला उजेड दिसतो का, हे एकेक करून बघते. इन्फ्रारेड एलईडी चुकीच्या खाचेत बसवला असेल किंवा रिबन केबल अर्धवट बसली असेल तर इथेच कळतं. पुरवठ्याचा व्होल्टेज कमी पडत असेल तर तीही सूचना लॉगमध्ये येते. फोनचा जुना चार्जर वापरला असेल तर ही सूचना दिसणारच.

ओडी

सॉफ्टवेअरचा सगळ्यात कसबी भाग हाच. साधारण दर पाच सेकंदांनी एकदा एलईडी लागतो, सेकंदाच्या आत बरेच नमुने घेतले जातात, आणि त्या नमुन्यांतून विजेच्या मेनचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गुंजारव गणिताने वजा केला जातो. त्यासाठी सेटिंगमध्ये आपल्याकडच्या मेनची वारंवारता बरोबर भरलेली असावी. ५० च्या जागी ६० राहिलं तर सिग्नल चुकीचा नसतो, पण विनाकारण थरथरतो, आणि ती थरथर पुढे वाढीच्या दरात शिरते. वाचन घेताना बाकीचे एलईडी क्षणभर विझवले जातात, म्हणजे शेवाळासाठी दिवे लावले असले तरी ते ओडीत मिसळत नाहीत. शिवाय एक फोटोडायोड थेट एलईडीकडे बघतो. एलईडी तापून मंद झाला तर त्याच्या संदर्भाने मुख्य वाचन सुधारलं जातं. इतक्या स्वस्त भागांमधून रात्रभर स्थिर आधाररेषा मिळते ती या संदर्भामुळे.

मूळ वाचन व्होल्टेजच्या भाषेत असतं. लॅबच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरच्या ओडी ६०० शी (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेल्या ओडीशी) ते जुळवायचं तर कॅलिब्रेशन करावं लागतं: घट्ट कल्चर घेऊन ते टप्प्याटप्प्याने पातळ करत जायचं, प्रत्येक टप्प्यावर दोन्हीकडे मोजायचं. ९० अंशांवरचा विखुरलेला प्रकाश कमी घनतेला जवळजवळ सरळ रेषेत वाढतो, मग वळतो, आणि खूप घट्ट कल्चरला सपाट होऊन खालीही येऊ शकतो. रेषा खाली वळलेल्या भागात एकाच व्होल्टेजला दोन ओडी जुळतात आणि सॉफ्टवेअरला त्यातली कुठली खरी ते ठरवता येत नाही. म्हणून टर्बिडोस्टॅटचं लक्ष्य नेहमी चढत्या भागात, वळणाच्या बरंच अलीकडे ठेवा. कॅलिब्रेशननंतर एलईडीची तीव्रता बदलली तर ते कॅलिब्रेशन बाद.

व्हायलच्या काचेवर चिकटलेला जैव-थर (पेशींचा चिकट पापुद्रा) ही कुठल्याही सॉफ्टवेअरला न ओळखता येणारी गोष्ट आहे. ओडी वाढताना दिसते, टर्बिडोस्टॅट मीडिया घालत राहतो, पण द्रवातल्या पेशी कमी होत असतात. दोन-तीन दिवसांपुढच्या प्रयोगात रोज एक नमुना बाहेर काढून मोजण्याला पर्याय नाही.

वाढीचा दर

इथे विस्तारित काल्मन फिल्टर (गोंगाटातल्या वाचनांतून खरा आकडा अंदाजणारं गणित) वापरला आहे. एक्सेलमध्ये ओडीच्या लॉगरिदमचा उतार काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण फिल्टरला पंपाने कधी काय घातलं ते माहीत असतं, आणि पातळ झाल्यामुळे झालेली घसरण तो वाढ मंदावली असं समजत नाही. पण त्याला सुरुवात नीट द्यावी लागते. तो आधी काही डझन वाचनं घेऊन त्यांची सरासरी '१' मानतो आणि पुढचं सगळं त्या मापात सांगतो. म्हणून क्रम असा ठेवा: ढवळणं सुरू, तापमान स्थिर होऊ द्या, कल्चर घाला, ओडी सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग वाढीचा दर. थंड व्हायलवर सुरू केलं तर तापतानाचा सिग्नलचा चढ हा वाढीचा दर म्हणून दिसतो. फार कमी पेशी घालून सुरू केलं तर '१' हा आकडा जवळजवळ गोंगाटावर उभा राहतो आणि पुढची सगळी गुणोत्तरं डळमळतात.

लक्ष्य 'सामान्यीकृत ओडी ३' असं दिलं तर त्याचा अर्थ सुरुवातीच्या तिप्पट, ओडी ६०० ३ नव्हे. हा गैरसमज फार होतो. दोन व्हायलींची तुलना करायची असेल तर कॅलिब्रेट केलेल्या ओडीवर लक्ष्य द्या.

सिरिंजने हाताने काही घातलं तर ते सॉफ्टवेअरला सांगा. हाताने घातलेल्या मात्रेची नोंद करण्याची वेगळी सोय पंपांच्या आज्ञेत आहे. ती वापरली नाही तर फिल्टरला ओडीची उडी दिसते, कारण कळत नाही, आणि पुढचा अर्धा तास आलेखावर नसलेल्या वाढीचा डोंगर उभा राहतो. फिल्टरचे तीन गोंगाट-आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. वाढीचा दर फारच नाचत असेल तर आधी बुडबुडे आणि स्टर-बार तपासा. आकडे ओढून आलेख गुळगुळीत करणं म्हणजे बुडबुडे तसेच ठेवून त्यांच्यावर पांघरूण घालणं.

पंप आणि घनफळ

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते, आणि सॉफ्टवेअरची मोठी उणीवही इथेच आहे. पातळी मोजणारा सेन्सर नाही. व्हायलमध्ये किती मिली आहे हे सॉफ्टवेअर नुसत्या जमा-खर्चावरून सांगतं: इतके मिली घातले, इतके काढले. खरी पातळी ठरते ती बाहेर काढणाऱ्या नळीच्या तोंडाच्या उंचीवरून. म्हणून प्रत्येक वेळी मीडिया घातल्यावर वेस्टचा (जास्तीचा द्रव बाहेर काढणारा) पंप गरजेपेक्षा जास्त वेळ चालवला जातो. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की तो हवा ओढतो आणि पातळी तिथेच राहते. ईव्हॉल्व्हरमध्येही हेच तत्त्व आहे. ते चांगलं आहे, पण वेस्टची नळी तुंबली किंवा पंपाच्या डोक्यातून निसटली तर सॉफ्टवेअरच्या हिशोबात सगळं आलबेल असतं आणि इकडे मीडिया बोर्डावर सांडत असतो. हिशोबातलं घनफळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं तर पंप अडवण्याची तरतूद आहे, पण तुंबलेली नळी त्या हिशोबात येतच नाही.

म्हणून खऱ्या प्रयोगाआधी पाण्याची चाचणी करा. व्हायलमध्ये १४ मिली पाणी, मीडियाच्या बाटलीत पाणी, वेस्टची रिकामी बाटली वजन करून. केमोस्टॅट नेहमीच्या तिप्पट वेगाने दोन तास चालवा. शेवटी मीडियाच्या बाटलीचं कमी झालेलं वजन आणि वेस्टचं वाढलेलं वजन सारखं यायला हवं, व्हायल पुन्हा १४ ग्रॅमच्या आसपास. वेस्ट कमी आलं तर नळीचं तोंड वर आहे किंवा वेस्टचा पंप थकला आहे. मीडियाचं वजन सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा वेगळं आलं तर पंपाचं कॅलिब्रेशन परत करा.

कॅलिब्रेशन करताना नळी आधी पूर्ण भरून घ्या, बाटली प्रयोगात असेल त्याच उंचीवर ठेवा, आणि वजन काट्यावर मोजा. मोजपात्रातली रेघ पुरेशी नाही. पेरिस्टाल्टिक (नळी दाबून द्रव ढकलणाऱ्या) पंपाचे रोलर टप्प्याटप्प्याने ढकलतात, म्हणून ०.१ मिलीच्या खालची मात्रा रोलर कुठे थांबला होता त्यावर अवलंबून राहते. अर्ध्या मिलीच्या वर ती चूक नगण्य होते. नळी दाबून दाबून सैलावते, तेव्हा लांब प्रयोगात नळीचा दाबला जाणारा भाग थोडा सरकवून परत कॅलिब्रेट करावं.

आकडे बघू. १४ मिली घनफळात ताशी ०.३ चा पातळीकरण दर (तासाला घनफळाच्या किती पट नवा मीडिया येतो तो आकडा) हवा असेल तर ताशी ४.२ मिली लागतात, म्हणजे ०.५ मिली दर ७.१ मिनिटांनी. केमोस्टॅटच्या चौकटीत हेच दोन आकडे भरायचे. पंप प्रत्यक्षात ०.४६ मिलीच देत असेल तर खरा दर ०.२७६. स्थिर अवस्थेत पेशींच्या वाढीचा दर पातळीकरणाच्या दराइतका होतो, हेच तर केमोस्टॅटचं तत्त्व. म्हणजे पंपाची आठ टक्के चूक थेट तुमच्या निष्कर्षाची आठ टक्के चूक होते. उलट बाजूने, पेशी २.३ तासांत दुप्पट होत असतील तर त्यांचा कमाल दर ०.३ च आहे. त्या कडेवर केमोस्टॅट ठेवला तर पंप थोडा जास्त देताच कल्चर वाहून जाईल. कमाल दराच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहणं बरं.

टर्बिडोस्टॅटमध्ये मात्रेचा आकार निवडताना वेग बघा. अर्ध्या तासात दुप्पट होणाऱ्या ई. कोलायसाठी १४ मिलीत ०.५ मिली घातले तर ओडी ३.४ टक्क्यांनी उतरते आणि दीड मिनिटात परत लक्ष्यावर येते. इतक्या लवकर पंप परत परत लागला तर फिल्टरला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही आणि ओडी लक्ष्याच्या वर सरकत राहते. १ मिलीची मात्रा ठेवली तर अंतर तीन मिनिटांचं होतं, करवतीचे दात थोडे मोठे होतात, पण नियंत्रण स्थिर राहतं. याच कल्चरला ताशी साधारण १९.४ मिली, दिवसाला ४६६ मिली मीडिया लागतो. एक लिटरची बाटली दोन दिवसांना जेमतेम पुरते. शनिवार-रविवार प्रयोग चालू ठेवणार असाल तर हा हिशोब शुक्रवारीच करा: बाटली रिकामी झाली की पंप हवा ढकलतो, सॉफ्टवेअर मात्र मीडिया घातला असं लिहून ठेवतं.

तापमान

तापमानाचा सेन्सर द्रवात नसून व्हायलखालच्या हीटरच्या बोर्डवर आहे. सॉफ्टवेअर ठरावीक मिनिटांनी हीटर बंद करतं, बोर्ड कसा थंड होतो ते बघतं, आणि त्या वक्रावरून द्रवाचं तापमान काढतं. कल्पना हुशारीची आहे, पण आकडा दर पाच सेकंदांनी नव्हे, काही मिनिटांनीच मिळतो. ३० वरून ४२ अंशांची झटपट उडी हवी असलेल्या हीट-शॉकच्या प्रयोगाला हे चालणार नाही. थंड करायची सोय नाही, म्हणून खोलीचं तापमान लक्ष्यापेक्षा काही अंश खाली हवंच. घनफळ कॅलिब्रेशनच्या वेळेपेक्षा फार वेगळं असेल तर अंदाजही सरकतो. एकदा थर्मोकपल घालून ताडून बघा, फरक नोंदवा.

प्रयोगाची लिखित योजना

यामल फाइलमध्ये (ठरलेल्या मांडणीच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) अख्खा प्रयोग लिहून ठेवता येतो, आणि ही सोय आमच्या मते इंटरफेसमधली सगळ्यात कमी वापरली जाणारी चांगली गोष्ट आहे. शून्य तासाला ढवळणं ५०० आरपीएम, लगेच थर्मोस्टॅट ३७, पाव तासाने ओडी, अर्ध्या तासाने वाढीचा दर, आणि मग अट: सामान्यीकृत ओडी अमुक झाली की टर्बिडोस्टॅट सुरू, १२ तासांनी लक्ष्य वाढव. तासांवर आणि अटींवर दोन्ही प्रकारे आज्ञा देता येतात, परत परत चालवता येतात. फायदा पुनरावृत्तीचा आहे: तीच फाइल शोधनिबंधाला जोडली तर दुसऱ्या लॅबला तोच क्रम जसाच्या तसा मिळतो. यामलमध्ये रिकाम्या जागांचा हिशोब चुकला तर फाइल नाकारली जाते, तेव्हा टॅब वापरू नका, दोन-दोन स्पेस ठेवा. ईव्हॉल्व्हर आणि काय-बायोमध्ये हेच करायला पायथॉन फाइलमध्ये हात घालावा लागतो. ज्याला पायथॉन येतं त्याला ते जास्त मोकळं वाटेल, ज्याला येत नाही त्याला तिथेच थांबावं लागेल.

पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि मोठी भांडी

हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. प्लगइन (जोड-प्रोग्राम) लिहून जोडता येतं: एका पायथॉन वर्गातून सेन्सर वाचायचा, आकडा एमक्यूटीटीवर टाकायचा, आणि इंटरफेसमध्ये दिसण्यासाठी छोटी यामल फाइल ठेवायची. सेन्सर वाचण्यापुरतं हे सोपं आहे. पण ऑक्सिजन कमी झाला की आधी ढवळणं वाढव, ते कमाल झालं की हवा वाढव, तरी पुरेना तर शुद्ध ऑक्सिजन, हे साखळी नियंत्रण स्वतः लिहायचं आणि तपासायचं काम हलकं नाही. दोन-पाच लिटरच्या भांड्यांसाठी पायोरिॲक्टर ताणत बसण्यापेक्षा मॉडबसवर (औद्योगिक उपकरणांच्या संवादपद्धतीवर) बोलणारे पीएच आणि ऑक्सिजनचे ट्रान्समीटर, त्यांना जोडायला नोड-रेड, आणि आलेखांसाठी ग्राफाना ही जोडणी जास्त सरळ पडते. औषधनिर्मितीतल्या नियमांत बसायचं असेल (इलेक्ट्रॉनिक सही, कुणी कधी काय बदललं याची न पुसता येणारी नोंद) तर यातलं काहीच जसंच्या तसं चालणार नाही. संशोधन आणि शिकवण्यापुरतं ठीक.

सुरक्षा, राखण, अपडेट

इंटरफेसला लॉगिन नाही. नेटवर्कवर असलेला कुणीही ब्राउझर उघडून पंप चालू करू शकतो. स्वतंत्र राउटर सुचवण्याचं हे दुसरं कारण. पायचा मूळ पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. घरून बघायचं असेल तर व्हीपीएनमधून. राउटरचं दार थेट इंटरनेटला उघडून देणं नको. लॉग स्लॅकवर पाठवणारं प्लगइन मिळतं, आणि रात्रीच्या प्रयोगासाठी तेवढं तरी बसवावंच, कारण एरवी चेतावणी फक्त स्क्रीनवर येते.

डेटाबेस लीडरच्या एसडी कार्डावर असतो, आणि एसडी कार्डं मरतात. सॉफ्टवेअर डेटाबेसची प्रत अधूनमधून वर्करवर पाठवतं, ही चांगली सवय. पण एकच पाय असेल तर प्रत कुठेच जात नाही. प्रयोग संपल्यावर सीएसव्ही उतरवून घ्या.

नव्या आवृत्त्या वारंवार येतात, त्यांना तारखेवरून क्रमांक असतो, आणि त्यात कधी कधी सेटिंगची नावंही बदलतात, म्हणून जुनी प्लगइनं मोडतात. प्रयोग चालू असताना अपडेट करू नका. करायचं तेव्हा आधी सेटिंगची फाइल आणि डेटाबेस दुसरीकडे उतरवा, लीडर आणि सगळे वर्कर एकाच आवृत्तीवर आणा, सेल्फ-टेस्ट चालवा, आणि पंपाचं व ओडीचं कॅलिब्रेशन 'सक्रिय' म्हणून निवडलेलं आहे का ते प्रत्येक युनिटवर जाऊन बघा. त्यानंतरच मीडियाची बाटली जोडा.